पान एक्कावन्न

निनादने ते यंत्र माझ्या ताटाशेजारी ठेवलं तेव्हा माझ्या तोंडात घास होता. आणि जेवताना मी बोलत नाही.

मौनाने जेवायचा माझा नेम घरात सगळ्यांना ठाऊक आहे, निनादलाही. पण तो रात्रभर हैदराबादहून प्रवास करून आला होता, आणि हौसेने आणलेली वस्तू दाखवल्याशिवाय राहवत नव्हतं त्याला.

"आई, तुझ्यासाठी. उघड तर."

उघडायला काही नव्हतंच. लहानपणीच्या पाटीपेक्षा जरा लहान, काळी, पातळ फळी. मी कौतुकाने मान हलवली.

"नको म्हणतेय," पलीकडून अक्का म्हणाल्या.

मी घाईने पुन्हा मान हलवली, जरा जोरात.

"अजिबात नको म्हणतेय."

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. तेव्हा त्यांना एकोणऐंशीवं चालू होतं. माझं मौन हा त्यांचा दिवसातला सगळ्यात आवडता वेळ. त्या वीस मिनिटांत माझ्या वतीने त्या काय वाटेल ते बोलून घ्यायच्या. देवाधर्माचं त्यांना फारसं नव्हतं. "शैलाच्या पुण्यावर सगळं घर निघतंय, त्यात मी वेगळी भर कशाला घालू?" असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या.

"आजी, तू थांब ग," निनाद म्हणाला. "आई, हे ई-रीडर आहे. यात हजार पुस्तकं मावतात. अख्खं वाचनालय. अक्षर पाहिजे तेवढं मोठं करता येतं. तू ना, पोथी सोडून काही वाचतच नाहीस. मी यात सोळा मराठी कादंबऱ्या घालून आणल्यात. दुपारी पडल्या पडल्या एकेक वाच."

मी ताकभाताकडे बघत राहिले. हात धुऊन आल्यावरच मला बोलता आलं, आणि तोपर्यंत काय बोलायचं ते ठरवून झालं होतं.

"अरे, मला माझ्या पोथ्या पुरतात. पोथीला हळदकुंकू तरी वाहता येतं. याला कुठे वाहू?"

निनादचं तोंड एवढंसं झालं. पण त्याने ते यंत्र उचलायच्या आत अक्कांचा हात पुढे आला.

"मला दे. मला काही वाहायचं नाहीये."

कादंबऱ्या मला आवडत नाहीत असं निनाद धरून चालला होता. त्याचं चुकलं नाही. त्याला कळायला लागल्यापासून त्याने माझ्या हातात कधी कादंबरी पाहिलीच नव्हती.

लग्न होऊन मी तासगावला आले तेव्हा मात्र आठवड्याला दोन कादंबऱ्या संपवायची. शेगडीवर दूध उतू जायचं आणि अक्का स्वयंपाकघराच्या दारातून म्हणायच्या, "नायक मेला का ग? मग गॅस तरी बंद कर." मग निनाद पाच वर्षांचा असताना त्याच्या डोक्यात ताप गेला. सांगलीच्या दवाखान्यात नऊ दिवस होतो. पाचव्या दिवशी तो मला ओळखेना. तेव्हा मी खिडकीत उभी राहून गणपतीला सांगितलं, हा उठून बसू दे, मी जन्मभर कादंबरीची एक ओळ वाचणार नाही. आवडती वस्तू सोडायची असते. मला दागिन्यांची हौस नव्हती, गोडाची नव्हती. कादंबरी तेवढी होती.

सातव्या दिवशी निनाद उठून बसला आणि बिस्कीट मागितलं.

हे मी कुणाला सांगितलं नाही. यांनाही नाही. नवस बोलून दाखवला की त्यातला अर्धा बोलण्यात जातो, असं माझी आई म्हणायची.

पण त्याच वर्षी एक चमत्कारिक गोष्ट झाली. अक्का मला गोष्टी सांगायला लागल्या. तोवर पुस्तक वाचून झालं की त्या ते टेबलावर टाकायच्या आणि "बरं आहे" किंवा "फुकट" एवढंच म्हणायच्या. त्या वर्षीपासून संध्याकाळी मी तांदूळ निवडायला किंवा वाती वळायला बसले की समोर येऊन बसायच्या आणि वाचलेली कादंबरी पहिल्यापासून सांगायच्या. माणसांचे आवाज काढून, मध्येच थांबून, "पुढचं उद्या" म्हणून. का सुरू केलं, मी विचारलं नाही. वय झालं की माणसाला बोलायला कुणीतरी लागतं, असं मी धरून चालले. आणि नेम वाचण्याचा होता, ऐकण्याचा नव्हता. देवाशी बोलताना मी शब्द नीट वापरले होते हे माझ्या मागाहून लक्षात आलं.

त्यांच्यासाठी पुस्तकं आणायचं काम माझं. चारला गणपतीचं दर्शन, तिथून वाचनालय, तिथून घर. वाचनालयात पुस्तक निवडताना आधी पान एक्कावन्न उघडायचं. तिथे आकड्याखाली पेन्सिलीचा बारीक ठिपका असला तर अक्कांनी ते वाचलेलं आहे. गावातल्या जुन्या वाचकांची अशी पानं ठरलेली असत. एका वकिलांची पान सतरावर फुली, शाळेतल्या एका बाईंची शेवटून तिसऱ्या पानावर चांदणी. नावं विसरतात, मुखपृष्ठं बदलतात, खूण राहते. एक्कावन्नच का, असं मी विचारलं होतं. अक्का म्हणाल्या, "पन्नास पानांपर्यंत पुस्तकाला संधी द्यायची. एक्कावन्नावर गेले म्हणजे शेवटापर्यंत जाणार. मी अर्ध्यात कुणाला सोडत नाही."

त्या एक्कावन्नाव्या पानावर मी फक्त आकडा बघायची. ओळींकडे नाही. बावीस वर्षं.

तर ते यंत्र अक्कांनी घेतलं. मला वाटलं, दोन दिवस खेळतील आणि कपाटात ठेवतील. दोन दिवसांत त्या पान उलटायला शिकल्या, तिसऱ्या दिवशी अक्षर मोठं करायला, आणि निनाद परत जायच्या आत त्यांनी त्याच्याकडून आणखी नऊ पुस्तकं भरून घेतली. त्याला त्या पाटी म्हणायच्या. उशाशी पाटी, जेवताना पाटी, बाल्कनीत पाटी.

"आता कशाला जातेस तंगडतोड करत?" चार वाजता मी पिशवी घेतली की म्हणायच्या. "गणपती करून सरळ घरी ये. वाचनालय माझ्या मांडीवर आहे."

मी सरळ घरी यायला लागले.

आषाढी तीन आठवड्यांवर होती. त्या चातुर्मासात मी लक्ष वाती लावायच्या ठरवल्या होत्या, त्यामुळे कापसाचं गाठोडं सोडून रोज संध्याकाळी वळायला बसत होते. समोर अक्का असायच्या, पण पाटीत. पान उलटल्याचा आवाजही यायचा नाही. मी वाती वळायची आणि घड्याळाकडे बघायची.

चार दिवस वाट पाहून मी विषय काढला.

"काय वाचताय अक्का?"

"त्रेसष्ट टक्के."

"म्हणजे?"

"म्हणजे एवढं झालं. यात पानं नसतात, टक्के असतात. मार्कशीटसारखं."

"आणि त्यात… ती बाई वगैरे असेल ना कुणी? तिचं काय झालं?"

"तिचं त्रेसष्ट टक्के वाईट झालंय," अक्का म्हणाल्या आणि बोटाने पान सरकवलं.

आणखी दोन दिवसांनी मी जरा धीर केला. "पूर्वी तुम्ही सांगायच्या बाई एखादी गोष्ट. वाती कशा भराभर व्हायच्या."

"सांगू कधी? एक संपतं न संपतं तोच ही पाटी विचारते, पुढचं घेऊ का? पुठ्ठा मिटून टेबलावर टाकायची सोयच नाही. पुस्तक संपल्यासारखं वाटतच नाही, मग सांगावंसं कुठून वाटणार?" मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत, "पण तुला काय एवढं? तुला कुठे आवडतात कादंबऱ्या? वाती वळताना जप करावा माणसाने."

मी जप करत वाती वळल्या. त्या दिवशीच्या वाती मी नंतर उलगडून पुन्हा केल्या, इतक्या वाकड्या झाल्या होत्या.

शेवटी मी डोळ्यांचा आधार घेतला. "अक्का, ते सारखं उजेडाकडे बघून डोळे जातील. मध्ये मध्ये एखादं कागदाचं वाचा. मी आणते ना वाचनालयातून."

"तिथे सगळ्यांवर ठिपके आहेत. माझंच राज्य आहे तिथे. एक बिनठिपक्याचं आणून दाखव, वाचते."

हे आव्हान होतं आणि मी ते घेतलं.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात गेले. कुंभारबाई टेबलामागून उठल्या. वीस वर्षं त्या ग्रंथपाल. "काय हो वहिनी, रुसलात की काय आमच्यावर? पंधरा दिवस झाले."

"घरी यंत्र आलंय हो. हजार पुस्तकांचं."

"हजार?" कुंभारबाईंनी कपाटांकडे एक नजर टाकली. "आमची अकरा हजार आहेत. पण ती तुम्हांला मांडीवर घेता येणार नाहीत, हे खरं."

मी आणि त्यांनी मिळून तासभर शोधलं. कादंबऱ्यांची चारही कपाटं. एक्कावन्न, ठिपका. एक्कावन्न, ठिपका. नवीन आलेल्या गठ्ठ्यात स्पर्धापरीक्षेची पुस्तकं होती आणि एक लोणच्यांचं. अक्का लोणच्यांवर गोष्ट सांगतील असं मला वाटेना.

कुंभारबाईंना कुणीतरी हाक मारली. मी शेवटच्या कपाटापाशी एकटी राहिले आणि हात आपोआप खालच्या फळीवर निळ्या पुठ्ठ्याच्या एका कादंबरीकडे गेला.

ती मला माहीत होती. एकोणीस वर्षांपूर्वी अक्कांनी सांगितली होती. वेणू नावाची मुलगी, खेड्यातल्या पोस्टात काम करणारी. तिला मागणी घालून आफ्रिकेत गेलेला केशव. बारा वर्षं तिच्या हातून गावाला सगळ्यांची पत्रं जातात, तिला एक येत नाही. आणि ज्या दिवशी येतं, त्या दिवशी ती काय करते, तर पाकीट न उघडता त्यावर "पत्ता सापडला नाही" असा शिक्का मारते आणि परत पाठवते. अक्कांनी हातातला तांदूळ टाकून हवेत शिक्का मारून दाखवला होता. मी त्या रात्री कितीतरी वेळ जागी होते.

पिशवीत खोडरबर होतं. निनादच्या शाळेच्या कंपासपेटीतलं. ते पिशवीत कसं आलं असं कुणी विचारलं तर मला खोटं बोलता आलं नसतं, कारण सकाळी मीच ठेवलं होतं.

पान एक्कावन्न उघडलं. ओळींवर नजर जाऊ नये म्हणून डोळे जवळजवळ मिटून घेतले आणि अंदाजाने खोडलं. ठिपका गेला. त्याच्याबरोबर एक्कावन्नातला एकचा आकडाही निम्मा गेला, पण ते मला तेव्हा दिसलं नाही.

घरी जाताना पुन्हा देवळात गेले. एकवीस दूर्वांच्या जागी बेचाळीस वाहिल्या. कशाबद्दल ते सांगितलं नाही. त्याला दिसलंच असेल.

"बिनठिपक्याचं," मी अक्कांपुढे पुस्तक ठेवलं.

अक्कांनी पाटी बाजूला केली. पान एक्कावन्न काढलं. बघितलं. खिडकीपाशी जाऊन बघितलं. बोट फिरवलं.

"खरंच की ग," त्या म्हणाल्या. "हे कसं राहिलं माझ्याकडून?"

"कोपऱ्यात पडलं होतं," मी म्हटलं. तेवढं खरं होतं.

दोन दिवस त्या वाचत होत्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाटी आत ठेवून माझ्यासमोर येऊन बसल्या. मी कापूस पुढे ओढला. इतका आनंद झाला होता की हाताला कापूस लागत नव्हता.

"एक वेणू म्हणून मुलगी असते," अक्कांनी सुरू केलं. "पोस्टात."

पहिली संध्याकाळ सगळं जसंच्या तसं झालं. केशव मागणी घालतो, बोटीवर चढतो, रुमाल हलवतो. फक्त एक गोष्ट खटकली. पहिल्या वेळी रुमाल पांढरा होता. आता अक्का म्हणाल्या, हिरवा. मी म्हटलं, असेल. एकोणीस वर्षं झाली, मीच विसरले असेन.

दुसऱ्या संध्याकाळी वेणूला एक पोस्टमास्तर भेटले. विधुर, मिशाळ, सुपारी खाणारे. ते तिला रोज पेरू आणून देतात.

मी वात वळता वळता थांबले. पोस्टमास्तर त्या गोष्टीत होते, पण त्यांना बायको होती आणि सात मुलं. पेरू नव्हतेच.

"काय झालं?" अक्कांनी विचारलं.

"काही नाही. तुम्ही सांगा."

"तुला पोस्टमास्तर आवडले नाहीत वाटतं."

"मला काय कळतंय त्यातलं? पहिल्यांदाच तर ऐकतेय."

"ते आहेच," अक्का म्हणाल्या आणि वेणूचं पोस्टमास्तरांशी लग्न लावून दिलं.

त्या रात्री मला झोप लागेना. वेणू असं करणार नाही. बारा वर्षं ताठ मानेने काउंटरवर बसलेली मुलगी पेरूंना भुलणार नाही. पण हे म्हणायचं तर मला गोष्ट आधीपासून ठाऊक आहे हे सांगावं लागलं असतं, म्हणजे पुस्तक अक्कांनी वाचलेलं आहे, म्हणजे ठिपका होता, म्हणजे… आणि ते सांगितलं असतं तर अक्कांनी पाटी घेतली असती ती कायमचीच. मी कुशीवर वळून शंभर वेळा जप केला. मध्ये मध्ये पेरू येत होते.

तिसरी संध्याकाळ आषाढीच्या आदल्या दिवशीची. अक्का अगदी रंगात आल्या होत्या. वेणू पोस्टमास्तरांबरोबर सुखाने नांदते. एके दिवशी दारात एक बैरागी येतो. भगवी कफनी, कमंडलू.

"तो केशव," अक्का म्हणाल्या.

मी कापसाचा गोळा घट्ट धरला.

"तो म्हणतो, वेणू, मी आफ्रिकेत संन्यास घेतला. वेणू म्हणते, बरं केलंस, पेरू खा. तो पेरू घेऊन रानाकडे निघतो. तोच झाडीतून एक वाघ—"

"वाघ कुठून आला, अक्का?" माझ्या तोंडून गेलं. "तिथे वाघ नाहीच. आणि केशव परत येतच नाही. त्याचं पत्र येतं आणि वेणू शिक्का मारून परत पाठवते. ती लग्नबिग्न काही करत नाही पोस्टमास्तरांशी, त्यांना सात मुलं आहेत."

माझा आवाज एवढा चढलेला मी स्वतः कधी ऐकला नव्हता. आतल्या खोलीतून यांनी विचारलं, "काय झालं ग?"

"काही नाही," अक्कांनी उत्तर दिलं. "शैला वाघाला घाबरली."

मग माझ्याकडे वळून अगदी गोड आवाजात, "तुला कसं ठाऊक? तू तर कादंबऱ्या वाचत नाहीस."

त्यांनी शेजारचं निळं पुस्तक उचललं, पान एक्कावन्न काढलं आणि माझ्यापुढे धरलं. मी सवयीने नजर ओळींवरून काढून आकड्यावर नेली. पाच तेवढा नीट होता. पुढे एकाचं नुसतं डोकं.

"चोर डोळे मिटून चोरी करतो, हे मी पहिल्यांदा बघितलं," अक्का म्हणाल्या. "अग, खोडायचं तर बघून तरी खोडायचं."

"बघितलं असतं तर ओळी दिसल्या असत्या."

बोलून गेले आणि मग कळलं की हे अक्कांना समजायचं नाही. ओळी दिसल्या तर काय बिघडतं, हे मी कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. मी काहीतरी जुळवायला लागले, डोळे दुखतात, चष्मा नव्हता. अक्कांनी हात वर केला.

"राहू दे. तुझा तो गणपतीशी झालेला करार मला ठाऊक आहे."

"कुठला?"

"सांगलीच्या दवाखान्यातला. तू खिडकीत उभी होतीस आणि मी तुझ्या मागे बाकावर पडले होते. तुला वाटलं, मला डोळा लागलाय. तू पुटपुटतेस ते तुला वाटतं तेवढं हळू नसतं, शैला. गणपतीच्या आधी मी ऐकलं."

मी कापसाकडे बघत राहिले. बावीस वर्षांचे तांदूळ, बावीस वर्षांच्या वाती. आवाज काढून, थांबून, पुढचं उद्या म्हणून.

"मग तुम्ही म्हणून…"

"एवढी दूध उतू घालवणारी सून, आणि नातू घरी आल्यावर नुसती पोथी घेऊन बसायला लागली. बघवेना. नेम मोडायला सांगितलं असतं तर तू ऐकलं नसतंस. आणि खरं सांगू का, निनादच्या बाबतीत मलाही मोडून बघायचा धीर नव्हता." त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला. "मग ऐकण्याची वाट मोकळी दिसली."

"आणि पाटी आल्यावर मग मला का…"

"तू मागतेस का ते बघत होते. बावीस वर्षांत तू माझ्याकडे एकदाही म्हणाली नाहीस, अक्का, गोष्ट सांगा. मी आपली पुढ्यात येऊन बसते आणि तू उपकार केल्यासारखी तांदूळ निवडतेस. म्हटलं, एकदा हिच्या तोंडून निघू दे. तर तू दूर्वा वाहायला गेलीस आणि चोरी करून आलीस." त्या हसायला लागल्या. "चाळीस टक्क्यांवर होते मी एका चांगल्या पुस्तकात, तुझ्या निळ्यासाठी थांबले."

मलाही हसू आलं आणि डोळेही भरले. दोन्ही एकदम झालं की माझ्याने बोलवत नाही. अक्कांना ती सोयच होती.

"उद्यापासून चातुर्मास ना? तू काय सोडणार यंदा?"

"वांगं," मी कसंबसं म्हटलं.

"मी पाटी सोडते. चार महिने."

"अक्का, तुमचा तर विश्वास नाही."

"वांग्याचा तरी कुठे विश्वास आहे? तरी सोडतेसच ना त्याला?" त्या उठल्या. "रोज जात जा वाचनालयात. एकेक आण. पहिल्या कपाटापासून सुरुवात कर. फक्त ते खोडायचं काम माझ्याकडे दे, तुझ्याने पानं फाटतील."

त्या आत निघाल्या तेव्हा मला राहवलं नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा मागितलं.

"अक्का, पहिल्या वेळी सांगितलात तो शेवट खरा ना? शिक्क्याचा?"

त्या दारात थांबल्या. "तुला ते पुस्तक वाचायचंय का?"

"नाही."

"कधीच?"

"कधीच."

"मग खरा," अक्का म्हणाल्या आणि आत गेल्या.

तो चातुर्मास माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला. वाती लाखाच्या वर झाल्या. त्यानंतर अक्का आणखी तीन वर्षं होत्या. चातुर्मास सोडून पाटी, चातुर्मासात वाचनालय, आणि गोष्ट बाराही महिने. गेल्या त्या दुपारी, झोपेत. उशाशी पाटी होती, एक्क्याण्णव टक्क्यांवर. अर्ध्यात कुणाला सोडत नाही म्हणायच्या, तेवढं एक राहिलं.

महिनाभराने त्यांचं कार्ड द्यायला मी वाचनालयात गेले. कुंभारबाई म्हणाल्या, "बंद कशाला करता? तुमच्या नावावर करून देते." मी नको म्हणायच्या बेतात होते. पण पाय शेवटच्या कपाटाकडे गेले. निळं पुस्तक खालच्या फळीवर होतं. तेव्हा मीच परत केलं होतं, पण उघडून बघायचं काही कारण नव्हतं.

पान एक्कावन्न काढलं. नजर सवयीने आकड्यावर. खोडलेला एक पेन्सिलीने पुन्हा नीट काढलेला होता. त्याच्याखाली ठिपका. आणि ठिपक्याच्या बाजूला, कोऱ्या कडेवर, अक्कांचं बारीक तिरपं अक्षर. पेन्सिलीने लिहिलेलं कादंबरीत धरत नाहीत, असं मी तिथल्या तिथे ठरवलं.

"शैला, लेखकाने शेवट बिघडवला आहे. आपला बरा."

"काय हो वहिनी, काही लिहिलंय का कुणी?" कुंभारबाई मागून म्हणाल्या. "लोकांना कितीही सांगा. द्या, खोडून टाकते."

"राहू द्या," मी म्हटलं. "हे माझ्या नावावर घेते."

पाटी आता माझ्या कपाटात असते. दर एकादशीला मी ती चार्जिंगला लावते. मी उपाशी असते तेव्हा ती जेवते. निनाद विचारतो, "आई, उघडून तरी बघितलंस का?" मी म्हणते, ठेवली आहे जपून. निळं पुस्तक देवघराशेजारच्या फळीवर आहे. त्याची पंधरा दिवसांची मुदतही एकादशीच्याच सुमाराला संपते. चारला गणपती, तिथून वाचनालय, पुस्तक परत करायचं, पुन्हा नावावर घ्यायचं, तिथून घर.

परवा कुंभारबाईंनी शिक्का मारता मारता विचारलंच.

"पाच वर्षं झाली वहिनी. अजून संपलं नाही?"

"नाही हो," मी म्हटलं. "शेवट तेवढा राहिलाय."